म्हणे, खेळात राजकारण नको!

कल्याणहून सुटणाऱ्या सकाळच्या ज्या लोकलने मी गेली अठरा वर्षे दादरच्या शाळेत शिकवायला जातो, तिच्या एका डब्याला आम्ही नेहमीचे प्रवासी ‘विधानसभा’ म्हणतो. खऱ्या विधानसभेत आणि आमच्या विधानसभेत फरक एवढाच की, आमच्याकडे सभात्याग करता येत नाही. रागावून उठले तरी दारापर्यंत पोचणे ठाण्याच्या आत शक्य नसते. त्यामुळे समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावेच लागते. कदाचित म्हणूनच आमच्याकडचे कामकाज अधिक समंजसपणे चालते!

आमच्या सभेचा कायमचा विषय क्रिकेट. सारे मुंबईच्या संघाचे जुने भक्त. मध्यंतरी एका सकाळी विषय निघाला तो नव्या स्टेडियमचा. २०२५ च्या मे महिन्यात वानखेडे स्टेडियमवरच्या एका समारंभात मुख्यमंत्र्यांनी सांगितले होते की, एक लाख प्रेक्षक बसतील असे मोठे स्टेडियम उभारायला सरकार जागा देईल. त्याआधी, २०२४ पासूनच, भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावच्या परिसराचे नाव या संदर्भात वर्तमानपत्रांतून येऊ लागले होते. बँकेत काम करणारे आमचे एक स्नेही खूश होते. “एक लाख जागा म्हणजे आता तरी आपल्याला तिकीट मिळेल!” त्याच बाजूच्या गावातून येणारे आमचे आगरी मित्र मात्र गप्प होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “स्टेडियम आमच्या दारात येईल हो, पण आत बसणार कोण, ते सांगा की!”

तेवढ्यात गोदीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने पाकिस्तानचा विषय काढला. पहलगामच्या हत्याकांडानंतर आशिया चषकात त्यांच्याशी खेळायला हवे होते की नको? झाले! अर्धा डबा ‘नको’ म्हणू लागला, अर्धा ‘हवे’. आवाज चढले. कोणी देशाचा स्वाभिमान काढला, कोणी क्रिकेट मंडळाची तिजोरी काढली. तोच चौथ्या सीटवर बसलेले एक वयस्क गृहस्थ, निवृत्तीनंतरही एका पेढीवर हिशेब लिहायला जातात ते, शांतपणे म्हणाले, “अरे, खेळात राजकारण कशाला आणता? खेळ हा खेळ. स्टेडियम कुठे बांधायचे आणि कोणाशी खेळायचे, हे वरचे लोक बघतील. आपण टाळ्या वाजवाव्या.”

आणि काय आश्चर्य! सगळे चूप. आरती संपल्यावर होतात तसे. मीही चूप बसलो, याची मला आज लाज वाटते. दादरला मी उतरलो, पण ते वाक्य काही डोक्यातून उतरले नाही. दिवसभर फळ्यावर गणिते लिहिताना ते मागे उभेच होते. त्या गृहस्थांबद्दल मला आदर आहे. पण त्यांचे वाक्य मला साफ अमान्य आहे. डब्यात जे बोलायचे राहिले, ते आता या पानांवर बोलतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे: खेळात राजकारण आणायला आपण आहोत कोण? ते तिथे आपल्या आधीपासून ठाण मांडून बसले आहे, तेही पुढच्या रांगेत, फुकटच्या पासावर. ‘खेळात राजकारण नको’ हा उपदेश आजवर ज्यांच्या हाती मैदाने होती त्यांना कोणी केलेला मी ऐकला नाही. तो नेहमी उन्हात रांग लावणाऱ्या माणसालाच केला जातो. म्हणून मैदानाविषयी आणि देशाविषयी एकाच दमात भांडणारा आमचा डबा चुकत नव्हता. मुंबईच्या मैदानांचा इतिहासच त्यांच्या बाजूने साक्ष देतो.

घोड्यांच्या टापा आणि पारशी पोरे

मुंबईत १८४८ मध्ये पारशी तरुणांनी ‘ओरिएंटल क्रिकेट क्लब’ काढला. हिंदी लोकांनी स्थापन केलेला हा पहिला क्रिकेट क्लब. ही मंडळी किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर खेळत. पुढे १८७५ मध्ये गोऱ्या साहेबांचा बॉम्बे जिमखाना निघाला. त्यांना स्वतंत्र, कुंपण घातलेले, हिरवेगार मैदान मिळाले. ठीक आहे, राज्य त्यांचे होते! पण साहेबांना पोलो खेळायचा असे तेव्हा आपली हिरवळ खराब होऊ नये म्हणून ते घोडे घालीत ते ‘नेटिव्हां’च्या मैदानावर. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडून जाई आणि तिच्यावर चेंडू कसाही उसळे.

मग त्या क्रिकेटवेड्या पोरांनी काय केले? ‘खेळात राजकारण नको’ म्हणून ती घरी बसली का? १८८१ पासून त्यांनी सरकारकडे अर्जामागून अर्ज केले, सह्या गोळा केल्या, वर्तमानपत्रांतून पत्रे लिहिली. शापूरजी सोराबजी नावाच्या क्रिकेटपटूने या साऱ्या झगड्याची हकीकत पुढे १८९७ मध्ये पुस्तकरूपाने छापली. मूठभर साहेबांच्या करमणुकीसाठी शेकडो हिंदी खेळाडूंचे मैदान का नासवावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. काँग्रेसची स्थापना १८८५ ची. म्हणजे हा प्रश्न तिच्याही आधीचा. राज्यकर्त्याला ‘हे मैदान कोणाचे?’ असे विचारणारे ते लोक क्रिकेटचे शौकीन होते, पुढारी नव्हते.

सरकारने अखेर तोडगा काढला तोही राजकारणाचाच. समुद्रकाठी भूखंड दिले, पण कसे? एक पारशी जिमखान्याला, एक मुसलमानांच्या, एक हिंदूंच्या! खेळायची जागा धर्मागणिक वाटली, आणि मग संघही तसेच वाटले गेले. १९०७ मध्ये तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी झाले आणि १९३७ मध्ये ‘इतर’ नावाचा पाचवा संघ येऊन पंचरंगी. आजही संध्याकाळी मरीन ड्राइव्हवरून फिरायला जाणाऱ्याला ते जिमखाने शेजारी शेजारी उभे दिसतात. समुद्राचा वारा मात्र सगळ्यांना सारखाच लागतो.

मडक्यातला चहा

आता ‘खेळ हा खेळ’ या वाक्याला दुसरा साक्षीदार देतो. त्याचे नाव बाळू पालवणकर. चांभार समाजात जन्मलेला हा तरुण पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम करी. तिथे नेटमध्ये तो साहेबांना तासन् तास चेंडू टाकी; फलंदाजी मात्र त्याच्या वाट्याला येत नसे. त्याच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती झाली तेव्हा हिंदूंच्या संघाला त्याची गरज पडली. मैदानावर तोच चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षक हातात घेत. पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यातून येई. १९११ मध्ये हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात या माणसाने शंभराहून अधिक बळी घेतले. इतके करूनही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. १९२३ मध्ये ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले, आणि तेही सहजी मिळाले नाही.

हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले, तेही प्रत्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध, आणि पडले. त्या लढतीत कोण बरोबर होते हा आजचा विषय नाही. मला एवढेच विचारायचे आहे: मंडपाच्या बाहेर ज्याला चहा दिला गेला, त्याला तुम्ही ‘खेळात राजकारण आणू नकोस’ असे कोणत्या तोंडाने सांगणार होता?

आणि हिंदुस्थानच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना कुठे झाला? १५ डिसेंबर १९३३ रोजी, त्याच बॉम्बे जिमखान्यावर. सी. के. नायडू कर्णधार होते. लाला अमरनाथांनी ११८ धावा काढून हिंदी खेळाडूचे पहिले कसोटी शतक झळकवले, आणि लोक वेडे झाले. पण त्या क्लबात हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता! शतक काढायला चालत होता, सभासद व्हायला चालत नव्हता. हे राजकारण मैदानात कोणी आणले होते? प्रेक्षकांनी?

जागांचे भांडण

त्याच साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि चर्चगेटजवळ, समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर, हिंदुस्थानचे पहिले भव्य क्रिकेट स्टेडियम उभे राहिले. जमीन सरकारची. अशी आख्यायिका आहे की क्लबचे चिटणीस डिमेलो यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांना विचारले, “सरकारसाठी पैसा हवा, की स्वतःसाठी अमरत्व?” गव्हर्नरसाहेबांनी अमरत्व पसंत केले. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, स्टेडियमला नाव ब्रेबर्नचेच लागले. सार्वजनिक जमीन आणि सत्ताधाऱ्याचे नाव यांची गाठ आपल्याकडे तेव्हापासून पडलेली आहे.

७ डिसेंबर १९३७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याच हंगामात तिथे पहिले पंचरंगी सामने व्हायचे होते. हिंदूंच्या संघाने त्यात भागच घेतला नाही. कारण? नव्या स्टेडियममध्ये आपल्या जिमखान्याला बसायला जागा कमी दिल्या, हे! वाचकहो, हे कारण नीट लक्षात ठेवा. कोण खेळणार याच्याइतकेच कोण बसणार हेही महत्त्वाचे आहे, हे त्या वेळच्या पुढाऱ्यांना पक्के ठाऊक होते. नसते ठाऊक ते फक्त तुम्हाआम्हाला.

पुढे डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्याला गांधीजींकडे गेले. वैयक्तिक सत्याग्रह चालू होता, पुढारी तुरुंगात होते. अशा वेळी हे सामने खेळावेत काय? गांधीजींचे उत्तर सरळ होते. सामने बंद व्हावेत असे म्हणणाऱ्यांकडे त्यांची सहानुभूती होती. आणि एरवीसुद्धा शाळा-कॉलेजांचे किंवा संस्थांचे संघ समजू शकतात, पण धर्मावर संघ पाडण्याचे कारण आपल्याला कधी समजले नाही, असे त्यांनी सांगितले.

माझे वाचक म्हणतील, मास्तर, हे सारे तुम्ही म्हणता, पण ते सामने किती रंगत! खरे आहे. मी ते नाकबूल करीत नाही. १९४३ च्या पंचरंगीच्या अंतिम सामन्यात ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्या विजय हजाऱ्यांनी ३०९ काढल्या. मी त्या वेळी ब्रेबर्नवर असतो तर हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्या टाळ्या वाजवून झाल्यावर तरी हे मनात यायला हवे होते की, सांगलीचा हा मराठी ख्रिस्ती तरुण आपल्याच मराठी मित्रांविरुद्ध उभा होता तो केवळ धर्माच्या रकान्यामुळे. त्या रकान्यांच्या कागदावर त्याला ‘इतर’ या सदराशिवाय दुसरी जागा नव्हती. १९४६ मध्ये ती स्पर्धा बंद झाली. क्रिकेटचे काही बिघडले नाही. मुंबईत क्रिकेट वाढतच गेले. राजकारणाचा विचार केल्याने खेळ मरतो हे म्हणणे इथेच खोटे ठरते.

हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम

स्वराज्य आले. गव्हर्नर गेले. जागांचे भांडण मात्र राहिले. ब्रेबर्न होते क्लबाचे, कसोटी सामने भरवायची जबाबदारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची. दर सामन्याला तिकिटांच्या वाटणीवरून तंटा. क्लब म्हणे, आमच्या सभासदांच्या जागांना हात लावू देणार नाही. असोसिएशन म्हणे, शहरभरच्या क्लबांना आम्ही काय द्यायचे? असोसिएशनचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे, काँग्रेसचे वजनदार पुढारी. १९७२ मध्ये ते विधानसभेचे अध्यक्ष झाले. क्लबाच्या बाजूला विजय मर्चंट होते. त्यांच्या खडाजंगीच्या हकीकती लोक अजून मीठमसाला लावून सांगतात. परिणाम असा झाला की, ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम वर्षभराच्या आसपास बांधून उभे झाले. १९७३ नंतर ब्रेबर्नवरची कसोटी थांबली ती थेट डिसेंबर २००९ मध्ये एका सामन्यापुरती परत आली.

वानखेड्यावरचा पहिला कसोटी सामना जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजशी झाला. माझे वडील त्या सामन्याला होते. तेव्हा ते पंचविशीचे, गिरणीत लागलेले. क्लाइव्ह लॉइडच्या २४२ नाबाद धावा आणि एकनाथ सोलकरांचे शतक हे दोन विषय आमच्या घरी दिवाळीच्या फराळाइतकेच नेमाने निघत. सामना आपण २०१ धावांनी हरलो, पण वडिलांच्या सांगण्यात तो कधी हरल्यासारखा वाटला नाही. याच सामन्यात लॉइडचे अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारहाण केली. लोक खवळले, आणि त्या दिवशीचा उरलेला खेळ होऊ शकला नाही. नव्या स्टेडियमच्या पहिल्याच कसोटीत प्रेक्षकाची जागा कोणती, हे अशा रीतीने ठरले: कठड्याच्या पलीकडे, गप्प.

तेव्हापासून मैदानाची सूत्रे कोणाच्या हाती राहिली? मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद मनोहर जोशी, शरद पवार, विलासराव देशमुख अशा तीन मुख्यमंत्र्यांनी भूषवले. २००१ मध्ये पवारांनी निवडणुकीत कोणाला हरवले? अजित वाडेकरांना. वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकून आलेल्या कर्णधाराला! २०११ मध्ये देशमुखांनी हरवले ते दिलीप वेंगसरकरांना. आणि मे २०२५ मध्ये वानखेड्यावरच्या त्या समारंभात रोहित शर्माबरोबर ज्या दोघांची नावे स्टँडना दिली गेली, ते होते पवार आणि वाडेकर! मतमोजणीत एकाला पाडले होते. भिंतीवर दोघे बरोबरीला आले. या पुढाऱ्यांनी काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. विश्वचषकासाठी वानखेड्याचे नवे रूप पवारांच्याच कारकिर्दीत उभे राहिले, आणि ते देखणे आहे. पण कृपा करून आम्हाला असे सांगू नका की, इथे राजकारण नव्हतेच आणि ते आम्ही कल्याण लोकलमधून घेऊन आलो!

२ एप्रिल २०११ च्या त्या अंतिम सामन्याचाच हिशेब पाहा. नव्या वानखेड्याची क्षमता ३३ हजारांच्या आसपास. सर्वसामान्यांसाठी विक्रीला ठेवलेली तिकिटे किती? सुमारे ४ हजार! बाकीची क्लबांना, मंडळांना, पुरस्कर्त्यांना, मान्यवरांना. धोनीचा तो षटकार आपण सगळ्यांनी पाहिला. दिवाणखान्यात पाहिला, पानाच्या दुकानासमोर उभे राहून पाहिला. म्हणून बँकेतल्या माझ्या स्नेह्याला मी विचारतो, ३३ हजारांत चार हजार मिळाले, तर एक लाखात किती मिळतील? गणित शाळेतले आहे: बारा हजार. उरलेले ८८ हजार कोण, हे आधी विचारा आणि मग पेढे वाटा.

पण मग खेळपट्टी खणायची का?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये याच वानखेड्याची खेळपट्टी शिवसैनिकांनी खणून टाकली आणि पाकिस्तानच्या संघाचा दौरा रद्द झाला. ‘खेळात राजकारण आणले की असे होते,’ असे आमचे चौथ्या सीटवरचे गृहस्थ म्हणतील. त्यांची भीती मला समजते. रात्रीच्या अंधारात कुदळ घेऊन जाणाऱ्यांनी कोणाशी वाद घातला नाही, कोणाचे ऐकले नाही, कोणाला पटवून दिले नाही. शापूरजींनी अर्ज केले होते; गांधीजींनी आपल्या दारी आलेल्यांना कारणे सांगितली होती. पाकिस्तानशी खेळू नये असे ज्याला वाटते त्याने ते शंभरदा बोलावे. खेळावे असे वाटणाऱ्यानेही बोलावे. आमच्या डब्यात दोघे बोलत होते आणि कोणाच्या हातात कुदळ नव्हती. कुदळीच्या भीतीने जीभच कापून घ्यायची असेल, तर उद्या निवडणुकाही बंद करा. तिथेही मारामाऱ्या होतात!

आणि आपण गप्प बसल्याने मैदान पवित्र राहते काय? सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईत आशिया चषक झाला. आपले खेळाडू पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन न करता परतले. अंतिम सामना जिंकल्यावर ज्यांच्या हातून चषक घेणे त्यांनी नाकारले, ते आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होते आणि त्याच वेळी पाकिस्तानचे गृहमंत्रीही होते. इकडे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या अध्यक्षपदावर डिसेंबर २०२४ पासून आपल्या गृहमंत्र्यांचे चिरंजीव विराजमान झालेले होते. अलीकडे एक गृहखाते, पलीकडे एक गृहखाते, मध्ये बावीस यार्डांची खेळपट्टी. आणि पेढीवर हिशेब लिहिणारा भला माणूस आम्हाला सांगतो, राजकारण आणू नका!

मात्र माझ्या डब्यातल्या मित्रांनाही मला चार शब्द ऐकवायचे आहेत. आपण देशाच्या स्वाभिमानावर घसा फोडतो. पण मैदानाच्या दाराशी गेल्यावर नागरिक राहत नाही, याचक होतो. कोणाच्या ओळखीने एखादा पास मिळाला की तो खिशात घालून रांगेतल्या माणसाकडे ढुंकून पाहत नाही. ज्याला काल शिव्या दिल्या त्याच साहेबाचा आज फोन नंबर शोधतो. हे मी दुसऱ्याचे सांगत नाही. एकदा मीही असा पास घेतला आहे, आणि सामना पाहताना मागच्या बाजूचा गलका ऐकू येत असूनही मान वळवली नाही. पुढाऱ्यांची मैदानावरची सत्ता अशा पासांवर उभी आहे. आपण वाद घालतो तो अर्ध्यावर सोडतो, हा खरा आपला दोष.

म्हणून स्टेडियमविषयी माझ्या मागण्या साध्या आहेत. सरकारी जमिनीवर जे स्टेडियम उभे राहील, त्याच्या प्रत्येक सामन्याची तिकिटे कोणाला किती दिली याचा तक्ता सामन्याआधी वर्तमानपत्रांत छापावा. निम्म्या जागा तरी थेट लोकांना विकाव्यात. आणि एक संपूर्ण स्टँड शाळकरी मुलामुलींसाठी, त्यांच्या खाऊच्या पैशांत परवडेल अशा दराने राखून ठेवावा. बायकांना आणि म्हाताऱ्यांना पाणी आणि स्वच्छतागृह शोधत फिरावे लागू नये, हे नकाशा काढतानाच पाहावे. आणि ज्या गावाच्या शिवारात ते उभे राहील, त्या गावच्या पोरांना सामने नसतील तेव्हा सरावासाठी आवारातले एक मैदान मोकळे असावे. राहिले नाव. सत्ताधाऱ्यांची नावे पुष्कळ झाली. नव्या स्टेडियमला बाळू पालवणकरांचे नाव द्या. ज्याला मंडपाच्या बाहेर ठेवले, त्याच्या नावाच्या दारातून एक लाख लोकांना आत जाऊ द्या.

यात माझा स्वार्थ काय, तेही सांगून टाकतो. आमच्या शाळेला मैदान नाही. शाळेमागे एक मोकळी जागा होती. मुलांसाठी राखीव आहे असे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत होतो. तिथे आता मोटारी उभ्या राहतात. तेव्हाही आम्ही शिक्षक म्हणालो होतो, यात कशाला पडा, हे राजकारण आहे! आता मुले मधल्या सुट्टीत गल्लीत खेळतात. चेंडू मोटारीच्या काचेवर गेला की खेळ संपतो, आणि कधी कधी पोराच्या गालावर पाच बोटे उमटतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या मुंबईत आपल्या मुलींना विश्वचषक जिंकताना टीव्हीवर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी मला विचारले, “सर, आपण कुठे खेळायचं?” मला उत्तर देता आले नाही. त्या मोकळ्या जागेबद्दल मी वेळेवर तोंड उघडले असते, तर कदाचित देता आले असते.

सुट्टी संपली की आमची विधानसभा पुन्हा भरेल. चौथ्या सीटवरचे ते गृहस्थ येतील. खिडकीची माझी जागा मी त्यांना देणार आहे आणि हा अंक त्यांच्या हातात ठेवणार आहे. दादर येईपर्यंत त्यांचे वाचून होईल. मग त्यांनी खुशाल माझ्याशी भांडावे.